बग्गीच्या कारखान्यातून मोटारीच्या दिवाणखान्यापर्यंत : हार्ले अर्ल

पहिल्या महायुद्धानंतर लॉस एंजेलिस शहरात मूकपटांतील नटनट्यांच्या हाती पैसा खेळू लागला आणि आपली मोटार दुसऱ्या कोणाच्याही मोटारीसारखी दिसू नये, ही हौसही बळावली. ती हौस पुरवणाऱ्या कारखान्यांत अर्ल कुटुंबाच्या कारखान्याचे नाव अग्रभागी होते. विनोदी नट रॉस्को आर्बकल यांची अवाढव्य पिअर्स-ॲरो तेथेच घडली. काऊबॉयच्या भूमिकांसाठी प्रसिद्ध असलेल्या टॉम मिक्स यांच्या मोटारीवर त्यांची आद्याक्षरे रंगवली गेली आणि घोड्याचे खोगीरही चढवले गेले. गिऱ्हाइकाची प्रत्येक लहर लाकूड, पत्रा आणि चामड्यात उतरवून देणारा तेथील उंचापुरा तरुण पुढे जनरल मोटर्स या बलाढ्य कंपनीच्या सर्व मोटारींचा रूपकार झाला. मोटारीत बसणाऱ्याला आपण बग्गीत बसलो आहोत असे वाटावे की नव्या युगात, या प्रश्नाचे अमेरिकेने दिलेले उत्तर बव्हंशी त्यांच्याच हातून घडले. त्यांचे नाव हार्ले अर्ल.

अर्ल यांचा जन्म २२ नोव्हेंबर १८९३ रोजी लॉस एंजेलिस परिसरात झाला. वडील जे. डब्ल्यू. अर्ल घोडागाड्या बांधण्याचा व्यवसाय करीत. मोटारींचा काळ येत असल्याचे ओळखून त्यांनी १९०८ मध्ये आपल्या कारखान्याचे रूपांतर अर्ल ऑटोमोबाइल वर्क्समध्ये केले. हार्ले यांनी स्टॅनफर्ड विद्यापीठात प्रवेश घेतला खरा, पण पदवी न घेताच ते कारखान्यात परतले. सुतार, लोहार, रंगारी आणि गादीकाम करणारे कारागीर हेच त्यांचे खरे गुरू ठरले.

त्या काळातील मोटारीचा अंतर्भाग हा घोडागाडीचाच वारसा होता. चालक पुढे उघड्यावर बसे. ऊनपाऊस सोसावा म्हणून त्याची बैठक चामड्याची असे. मालकाची बैठक मागे, बंद कक्षात असे आणि तिच्यावर लोकरीचे मऊ कापड चढवलेले असे. चामडे नोकराचे आणि कापड धन्याचे, असा तो संकेत होता. बटणे टाकून फुगवलेल्या गाद्या, रेशमी गोफ, पॉलिश केलेल्या लाकडाच्या पट्ट्या, फुलांसाठी काचेची छोटी फुलदाणी आणि चालकाला आज्ञा देण्यासाठी बोलण्याची नळी, अशी ती मांडणी असे. श्रीमंताच्या दिवाणखान्याचा एक कोपरा चाकांवर ठेवावा, तसे तिचे रूप होते. ज्याची ऐपत असेल त्याला तो कोपरा आपल्या आवडीप्रमाणे सजवून मिळे. सर्वसामान्य ग्राहकाला मात्र कारखाना देईल तेच घ्यावे लागे.

पश्चिम किनाऱ्यावरील कॅडिलॅकचे विक्रेते डॉन ली यांनी १९१९ मध्ये अर्ल यांचा कारखाना विकत घेतला आणि हार्ले यांना तेथेच प्रमुख म्हणून ठेवले. कॅडिलॅकचे प्रमुख लॉरेन्स फिशर यांनी तेथे भेट दिली, तेव्हा एक गोष्ट त्यांच्या विशेष नजरेत भरली. इतर कारखान्यांत लाकडाचे किंवा पत्र्याचे नमुने बनवले जात असताना अर्ल चिकणमातीत मोटारीचे रूप घडवीत होते. मातीत रेषा हवी तशी वळवता येई आणि मोटारीचे सारे भाग परस्परांत मिसळून जात. दिवा, मडगार्ड, बॉनेट आणि बसण्याचा कक्ष हे एकमेकांना जोडलेले सुटे तुकडे राहत नसत.

फिशर यांच्या आमंत्रणावरून अर्ल डेट्रॉइटला गेले आणि त्यांनी घडवलेली लासाल मोटार मार्च १९२७ मध्ये बाजारात आली. तिचे स्वागत पाहून कंपनीचे अध्यक्ष आल्फ्रेड स्लोन यांनी त्याच वर्षी कला व रंग विभाग स्थापन करून त्याची सूत्रे अर्ल यांच्याकडे सोपवली. आरंभी या विभागात सुमारे ५० माणसे होती.

हा निर्णय अगदी योग्य वेळी झाला होता. १९१९ मध्ये अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या मोटारींपैकी सुमारे १० टक्केच बंद छताच्या होत्या. १९२७ पर्यंत ते प्रमाण सुमारे ८५ टक्क्यांवर पोहोचले. उघड्या मोटारीत आतील सजावटीला फारसा अर्थ नव्हता; बंद मोटारीला मात्र खोलीसारख्या भिंती, छत आणि खिडक्या आल्या. त्याच दशकात लवकर वाळणारे ड्युको लॅकर आल्याने झपाट्याने तयार होणाऱ्या मोटारींनाही निरनिराळे रंग देणे शक्य झाले. बाहेरच्या रंगाशी आतील कापडाचा मेळ घालण्याचा विचार आता सामान्य ग्राहकाच्या मोटारीसाठीही करता येऊ लागला. आजवर एका गिऱ्हाइकासाठी केलेले काम अर्ल यांना आता लाखोंसाठी करायचे होते.

ही वाट सोपी नव्हती. त्यांनी आखलेल्या १९२९ च्या ब्युइकमध्ये उत्पादन विभागाने परस्पर फेरफार केले. मोटारीच्या बाजू फुगीर दिसू लागल्या, लोकांनी तिची थट्टा केली आणि विक्रीला फटका बसला. या अपयशानंतर अर्ल यांनी आपल्या विभागाचा अधिकार हळूहळू पक्का केला. ते स्वतः फारसे रेखाटन करीत नसत. नमुन्यासमोर उभे राहून रेषा कोठे उचलायची आणि कोठे खाली आणायची, एवढेच ते सांगत. त्यांचा दरारा मोठा होता आणि शब्द अखेरचा असे. १९३७ मध्ये त्यांच्या विभागाला स्टायलिंग सेक्शन हे नाव मिळाले. १९४० मध्ये ते कंपनीचे उपाध्यक्ष झाले. इतक्या मोठ्या उद्योगात रूपकाराला एवढे पद मिळण्याची ही पहिलीच वेळ होती.

अंतर्भागात जुने आणि नवे यांचा झगडा मात्र चालूच होता. १९३५ च्या मोटारींत जनरल मोटर्सने अखंड पोलादी छत आणले. लाकडी सांगाडे मागे पडत गेले आणि डॅशबोर्ड पोलादी पत्र्याचे झाले. तरीही अनेक मोटारींत त्या पत्र्यावर लाकडाच्या रेषांचा ठसा उमटवला जात असे. लाकूड गेले होते, पण प्रतिष्ठेची खूण म्हणून त्याचे चित्र उरले होते. नव्या साधनाने जुन्याचे सोंग घ्यावे की आपले खरे रूप दाखवावे, हा प्रश्न त्या पत्र्यावरच उमटला होता.

अर्ल यांनी १९३८ मध्ये ब्युइक वाय-जॉब या प्रायोगिक मोटारीतून आपले उत्तर दिले. विजेने वरखाली होणाऱ्या काचा, आत लपणारे दिवे, धातूच्या झाकणाखाली नाहीसे होणारे छत आणि जमिनीलगतची बैठक असे तिचे स्वरूप होते. दारालगतची पायरीही त्यांनी काढून टाकली. ती पायरी बग्गीत चढण्याची आठवण होती. पुढे अनेक वर्षे त्यांनी ही मोटार स्वतः वापरली. १९५१ मध्ये तिची जागा ले सेबरने घेतली. तिच्या बैठका विजेने गरम होत आणि पावसाचे थेंब पडताच छत आपोआप बंद होई.

या बदलांचे पडसाद भारतातही पोहोचत होते. जनरल मोटर्सने १९२८ मध्ये मुंबईत शिवडी येथे मोटारींची जुळणी सुरू केली आणि ती १९५४ पर्यंत चालली. अर्ल यांच्या विभागाने रूप दिलेल्या शेव्हरोलेसारख्या मोटारी अशा रीतीने मुंबईच्या रस्त्यांवरही धावल्या.

मोटार कुटुंबाची झाली आहे आणि ती निवडताना घरातील स्त्रीचे मत निर्णायक ठरते, हे अर्ल यांनी इतरांच्या आधी ओळखले. १९४३ मध्ये हेलेन रोदर या कलावतीला अंतर्सजावटीच्या कामावर नेमण्यात आले. लाइपझिग येथे जन्मलेल्या आणि पॅरिसमध्ये काम केलेल्या रोदर युद्धामुळे अमेरिकेत आल्या होत्या. पुढे १९५० च्या दशकाच्या मध्यास अर्ल यांनी स्त्री रूपकारांचा एक गटच उभा केला. कंपनीच्या प्रसिद्धी विभागाने त्यांना लाडिक टोपणनाव दिले. ते त्यांना रुचले नाही. त्यांचे काम टोपणनावापेक्षा पुष्कळ गंभीर होते. मुलांना आतून उघडता येणार नाहीत असे दरवाज्यांचे खटके, सामान ठेवण्याचे कप्पे आणि मागे ओढले जाणारे सुरक्षापट्टे यांचा त्यांनी विचार केला. १९५८ च्या प्रदर्शनात रूथ ग्लेनी यांनी सजवलेल्या कॉर्व्हेटला चार ऋतूंसाठी बैठकीच्या आवरणांचे चार संच होते. एका व्यक्तीच्या आवडीनुसार मोटार घडवण्याची जुनी पद्धत येथे नव्या रूपात परतली होती.

त्याच सुमारास कॅडिलॅक एल्डोराडो ब्रूम अवतरली. १९५७ मध्ये तिची किंमत १३,०७४ डॉलर होती आणि दोन वर्षांत अशा जेमतेम ७०४ मोटारी बनल्या. स्टेनलेस स्टीलचे छत, हवेवर तोललेली चाके, लोहचुंबकाने जागीच राहणारे पेले, अत्तराची कुपी आणि अंतर्सजावटीसाठी चाळीसहून अधिक पर्याय तिच्यात होते. यंत्रे पूर्णतः आधुनिक होती आणि पाहुणचार जुन्या बग्गीचा होता. अर्ल यांनी आयुष्यभर हाताळलेल्या दोन्ही परंपरा या मोटारीत एकत्र आल्या.

मात्र या वैभवाला दुसरी बाजूही होती. दरवर्षी रूप बदलण्याच्या धोरणामुळे कालची नवी मोटार आज जुनाट वाटू लागे. अर्ल यांच्या कारकिर्दीच्या अखेरीस क्रोमचा झगमगाट इतका वाढला की त्यांच्याच हाताखालील तरुण रूपकारांना तो असह्य झाला. १९६५ मध्ये राल्फ नेडर यांनी आपल्या पुस्तकात रूपाला सुरक्षिततेहून अधिक महत्त्व देण्याच्या वृत्तीवर कठोर टीका केली. अपघातात चकचकीत पोलादी डॅशबोर्ड आणि पुढे आलेल्या खुंट्या माणसाच्या छातीत आणि डोक्यात घुसत असत. १९६६ च्या कायद्यानंतर मऊ आवरणाचे डॅशबोर्ड आणि आत दबलेली बटणे सक्तीने आली. आतील सजावट डोळ्यांना सुखावणारी असली तरी देहाची काळजी घेणारी असलीच पाहिजे, हा धडा पुष्कळ किंमत मोजून शिकावा लागला.

अर्ल डिसेंबर १९५८ मध्ये निवृत्त झाले. त्यानंतर त्यांनी जमवलेल्या स्त्री रूपकारांपैकी बहुतेक जणी कंपनी सोडून गेल्या. सुझान व्हँडरबिल्ट मात्र दीर्घकाळ टिकून राहिल्या. १० एप्रिल १९६९ रोजी फ्लोरिडातील वेस्ट पाम बीच येथे वयाच्या ७५ व्या वर्षी अर्ल यांचे निधन झाले.

त्यांच्या हयातीतच कॅलिफोर्नियातील तरुणांनी एक वर्तुळ पूर्ण केले होते. अर्ल जेथून निघाले, त्याच शहरात हे तरुण शेव्हरोले, ब्युइक आणि मर्क्युरीसारख्या जुन्या मोटारी स्वस्तात घेत, त्यांची छते खाली आणत, क्रोमच्या पट्ट्या उतरवत आणि आतील बैठका नव्याने शिवून घेत. कापूस भरून उभ्या नळ्यांसारखी शिवलेली पांढरी किंवा दुरंगी गादी त्यांची ओळख बनली. लॉस एंजेलिसच्या कार्सन टॉप शॉपमधील भरीव, गादीदार छते त्यांच्यात प्रसिद्ध होती. लाखोंच्या हातात पडलेली मोटार पुन्हा एका माणसाची होऊ लागली.

आजही अशी जुनी मोटार पुन्हा सजवताना मालकांमध्ये दोन पक्ष पडतात. एकाला ती उभ्या नळ्यांची शिवण आणि रंगवलेला पोलादी डॅशबोर्ड हवा असतो. दुसऱ्याला चामड्याच्या स्वतंत्र खुर्च्या, घडीव ॲल्युमिनियम आणि अंकांत वाचता येणारी उपकरणे हवी असतात. पहिला पक्ष ज्याला परंपरा म्हणतो, ती एकेकाळची बंडखोरी होती. आणि दुसऱ्याची आधुनिकता उद्या कोणाची तरी परंपरा होईल. अर्ल यांच्या आयुष्यात बग्गीची गादी, लाकडाचे चित्र असलेला पत्रा आणि गरम होणारी बैठक या तिन्ही गोष्टी एकामागून एक आल्या. त्यांतील प्रत्येक गोष्ट आपापल्या काळी नवी होती आणि प्रत्येकीची कसोटी अखेर आत बसणाऱ्या माणसानेच लावली.