ओवेन्सला घडविणारे हात

१९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये हिटलरच्या डोळ्यांदेखत चार सुवर्णपदके जिंकून वंशश्रेष्ठत्वाचा फुगा फोडणारा जेसी ओवेन्स आमच्या वाचकांना परिचित आहे. त्याला घडविणारे प्रशिक्षक मात्र फारसे कोणाला माहीत नाहीत.

गुलामांचा हा नातू १२ सप्टेंबर १९१३ रोजी अलाबामातील ओकव्हिल येथे बटाईने शेती करणाऱ्या कुटुंबात जन्मला. पुढे कुटुंब क्लीव्हलँडला आले. तेथील शाळेत चार्ल्स रायली या गोऱ्या शिक्षकाने त्याचा वेग हेरला. पण शाळा सुटल्यावर जेसीला कामावर जावे लागे. रायलींनी मुलाला बोल लावला नाही, सरावाची वेळ बदलली. शाळा भरण्यापूर्वी पहाटे सराव सुरू झाला. मुलाच्या खाण्यापिण्याकडेही रायली बापाच्या मायेने पाहत.

ओहायो स्टेट विद्यापीठात लॅरी स्नायडर भेटले. कृष्णवर्णीय म्हणून ओवेन्सला वसतिगृहात जागा नव्हती, लिफ्ट चालवून तो शिकत होता. स्नायडर यांनी त्याच्या धावण्याला आणि उडीला तंत्राची शिस्त लावली. २५ मे १९३५ रोजी ॲन आर्बर येथे पाठ दुखत असतानाही ओवेन्सने पाऊण तासात तीन जागतिक विक्रम मोडले, एकाची बरोबरी केली. त्यातील ८.१३ मीटर लांब उडीचा विक्रम १९६० पर्यंत टिकला. ऑलिंपिकनंतर युरोप दौरा अर्धवट सोडला म्हणून ॲथलेटिक्स संघटनेने ओवेन्सला निलंबित केले, तेव्हाही स्नायडर त्याच्या पाठीशी राहिले.

बर्लिनमध्येच प्रशिक्षकाचे दुसरे रूपही दिसले. लॉसन रॉबर्टसन आणि डीन क्रॉमवेल यांनी रिलेच्या संघातून मार्टी ग्लिकमन व सॅम स्टोलर या दोन ज्यू धावपटूंना शर्यतीच्या दिवशी वगळले. त्यांच्या जागी ओवेन्स व राल्फ मेटकाफ आले. ओवेन्सने त्या दोघांसाठी शब्द टाकला, असे ग्लिकमन पुढे सांगत. पण निर्णय बदलला नाही. ओवेन्सचे चौथे सुवर्ण याच शर्यतीतले.

मायदेशी परतल्यावर पोटासाठी त्याला घोड्यांशी शर्यती लावाव्या लागल्या. ३१ मार्च १९८० रोजी त्याचे निधन झाले.

प्रशिक्षक शिक्षक असतो, पालक असतो आणि निवडीच्या वेळी न्यायाधीशही असतो. आमच्या वस्त्यांतही वाऱ्याच्या वेगाने पळणारी मुले-मुली आहेत. त्यांच्यासाठी मैदाने मागताना, पोराला सायंकाळी कामावर जावे लागते हे ओळखून पहाटे मैदानावर येणारा रायलीही आपण मागितला पाहिजे, असे आम्हाला वाटते.