ओळख थोरामोठ्यांची : र. धों. कर्वे



महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे नाव आपल्या घरांत सर्वांना ठाऊक असते. त्यांचे थोरले चिरंजीव रघुनाथ मात्र पाठ्यपुस्तकात फारसे भेटत नाहीत. कारण त्यांनी ज्या विषयाला आयुष्य वाहिले, तो विषय आपण आजही चारचौघांत काढत नाही. तो विषय म्हणजे संततिनियमन.

रघुनाथरावांचा जन्म १४ जानेवारी १८८२ रोजी कोकणातील मुरूड येथे झाला. ते नऊ वर्षांचे असताना, १८९१ साली, त्यांची आई राधाबाई बाळंतपणात गेली. पुढे १८९३ मध्ये वडिलांनी विधवेशी पुनर्विवाह केला आणि मुरूडकरांनी कुटुंबाला वाळीत टाकले. बाळंतपणात आई गमावणे आणि पटलेल्या गोष्टीपायी समाजाचा रोष ओढवून घेणे, या दोन्ही गोष्टी या मुलाने लहानपणीच घरात पाहिल्या.

हुशारी इतकी की १८९९ साली मॅट्रिकला ते पहिले आले. पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजातून १९०४ मध्ये बी. ए. झाले. गणितातील पुढच्या अभ्यासासाठी १९१९ मध्ये पॅरिसला गेले. मुंबईच्या विल्सन कॉलेजात ते गणिताचे प्राध्यापक होते. स्थिर पगार, मानाची नोकरी, सारे काही होते.

१९२१ साली लंडनमध्ये मेरी स्टोप्स बाईंनी संततिनियमनाचे केंद्र उघडले. त्याच वर्षी रघुनाथरावांनी मुंबईत आपले केंद्र सुरू केले. भारतातील हे अशा प्रकारचे पहिले केंद्र मानले जाते. दोन वर्षांनी या विषयावर त्यांचे मराठी पुस्तकही निघाले. कॉलेजच्या मिशनरी चालकांना हे रुचले नाही. हे काम की नोकरी, असा प्रश्न उभा राहिला आणि १९२५ मध्ये नोकरी गेली. पत्नी मालतीबाईंनी मात्र साथ सोडली नाही. आपल्याला मूल नको, हा निर्णयही दोघांनी मिळून घेतला होता.

जुलै १९२७ मध्ये त्यांनी 'समाजस्वास्थ्य' हे मासिक काढले. लैंगिक आरोग्य, गुप्तरोग, संततिनियमनाची साधने, वाचकांच्या खाजगी शंका, सगळ्याला ते सरळ मराठीत उत्तर देत. स्त्रीलाही शरीरसुखाचा हक्क आहे आणि मूल कधी व्हावे हे तिने ठरवावे, असे ते मांडत. लोकांनी अश्लील म्हणून नावे ठेवली आणि मासिकावर खटले झाले. पहिल्या खटल्यात त्यांना दंड झाला. १९३४ च्या खटल्यात तर वाचकांच्या प्रश्नांना दिलेली उत्तरेच अश्लील ठरवली गेली. त्या वेळी त्यांचे वकीलपत्र डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी घेतले. खटला हरले, पुन्हा दंड भरावा लागला. पण मासिक थांबले नाही. आंबेडकरांनाही हा विषय मनापासून पटलेला होता. १९३८ साली त्यांच्या पक्षाने मुंबईच्या कायदेमंडळात संततिनियमनाचा ठराव आणला. तो नामंजूर झाला. महात्मा गांधींचा कृत्रिम साधनांना विरोध होता, त्यामुळे मोठ्या पुढाऱ्यांपैकी थोडेच जण या बाजूने उभे राहिले.

कर्वे यांच्याच नात्यातील शकुंतलाबाई परांजपे यांनी पुढे हे काम केले. 'कुंकू' चित्रपटातील त्यांची भूमिका अनेकांना आठवत असेल. दिग्दर्शिका सई परांजपे या त्यांच्या कन्या.

१९५२ मध्ये भारत सरकारने कुटुंबनियोजनाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला. त्यानंतर वर्षभराने, १४ ऑक्टोबर १९५३ रोजी रघुनाथराव वारले. शेवटपर्यंत ते मासिक चालवत होते. वडिलांना १९५८ साली भारतरत्न मिळाले, मुलाच्या वाट्याला हयातीत असा मान आला नाही. २००१ साली अमोल पालेकरांनी त्यांच्यावर 'ध्यासपर्व' हा चित्रपट काढला, तो जरूर पाहावा.

आपल्या न्यूझीलंडमध्येही हा लढा सोपा नव्हता. येथे १९३६ साली वेलिंग्टनमध्ये काही स्त्रियांनी एकत्र येऊन संस्था काढली. तीच पुढे फॅमिली प्लॅनिंग म्हणून ओळखली गेली. तिचे पहिले क्लिनिक ऑकलंडच्या रेम्युएरा भागात १९५३ मध्ये, म्हणजे रघुनाथराव गेले त्याच वर्षी उघडले. २०२४ पासून संस्थेचे नाव सेक्शुअल वेलबीइंग आओटेअरोआ असे आहे.

आता हे सारे फ्लॅट बुशच्या अंकात कशाला? आपल्याकडे तरुण जोडपी पुष्कळ आहेत. आई-सासू हजारो मैल दूर, आणि फोनवर असले काही विचारायला जीभ रेटत नाही. गर्भनिरोधक गोळी १९६० साली आली, म्हणजे कर्वे यांच्या काळातील सगळी साधने हॉर्मोनविरहितच होती. आजही काहींना हॉर्मोन चालत नाहीत, तर काहींना ते नको असतात. त्यांच्यासाठी थोडक्यात :

- तांबी (कॉपर आययूडी) : ९९ टक्क्यांहून अधिक परिणामकारक. प्रकारानुसार ५ ते १० वर्षे चालते, हवी तेव्हा काढता येते. पाळीत रक्तस्राव आणि पोटदुखी वाढू शकते. असुरक्षित संबंधानंतर ५ दिवसांच्या आत बसवली तरी उपयोग होतो.
- निरोध : नेहमी आणि नीट वापरला तर ९८ टक्के, पण प्रत्यक्ष वापरात सुमारे ८७ टक्के. संसर्गापासून रक्षण करणारे साधन यांपैकी हे एकच.
- पुरुष नसबंदी : अगदी भरवशाची आणि स्त्रीच्या शस्त्रक्रियेपेक्षा सोपी. मात्र ती कायमची समजूनच करावी. लगेच निर्धास्त होऊ नये. सुमारे ३ महिन्यांनी वीर्यतपासणी करून डॉक्टरांनी हिरवा कंदील दाखवेपर्यंत दुसरे साधन वापरावे.
- दिवस मोजणे : शिस्तीने केले तरच उपयोगी. पाळी अनियमित असेल किंवा नुकतेच बाळंतपण झाले असेल तर यावर विसंबू नये.

प्रत्येकीची प्रकृती वेगळी, म्हणून निर्णय आपल्या डॉक्टरांशी बोलूनच घ्यावा. तुमची खाजगी गोष्ट ते बाहेर सांगत नाहीत. इंग्रजीत बोलणे अवघड वाटत असेल तर दुभाषी मागता येतो. आणि हो, डॉक्टरकडे दोघांनी मिळून जावे. ही जबाबदारी एकट्या बाईची नाही, हे रघुनाथराव आणि मालतीबाईंनी शंभर वर्षांपूर्वी स्वतःच्या संसारात दाखवून दिले आहे.