संतकवी दासगणू महाराज : उतारवयातलं शरीर आणि मन

शिक्षक मित्रांनो आणि पालकहो, आजचा पाठ नांदेड जिल्ह्याशी जोडलेल्या एका माणसाच्या आयुष्यावर आहे. उमरी तालुक्यातलं गोरटे हे गाव तुम्हाला ठाऊक असेल. तिथं दासगणू महाराजांचं समाधिमंदिर आहे. घराघरांत वाचली जाणारी गजानन विजय ही पोथी त्यांचीच. भाविक त्यांच्याकडे संत म्हणून बघतात, ते योग्यच आहे. पण आज आपण त्यांच्याकडे वेगळ्या कारणासाठी बघणार आहोत. म्हातारपणी शरीर आणि मन एकमेकांना कसं धरून ठेवतात, किंवा एकमेकांना कसं खाली ओढतात, हे या आयुष्यातून मुलांना आणि आपल्यालाही नीट समजतं.

पोलीस शिपाई ते कीर्तनकार

दासगणूंचं मूळ नाव गणपत दत्तात्रेय सहस्रबुद्धे. जन्म ६ जानेवारी १८६८, गाव अकोळनेर, जिल्हा अहमदनगर (आताचं अहिल्यानगर). शाळेत मन रमलं नाही, शिक्षण फारसं झालं नाही आणि ते पोलीस खात्यात शिपाई म्हणून लागले. कवित्व मात्र उपजत होतं. तरुणपणी ते तमाशासाठी लावण्या रचून देत.

नोकरीतला एक प्रसंग प्रसिद्ध आहे. त्या काळी नगर भागात कान्हा भिल्ल नावाच्या दरोडेखोराची दहशत होती. त्याच्या मागावर असताना गणपतराव रामदासी साधूचा वेष घेऊन एका गावच्या राममंदिरात राहिले. कान्ह्याला संशय आला आणि जीव वाचला तो अगदी थोडक्यात. गंमत बघा, ज्या माणसानं पोटासाठी साधूचं सोंग घेतलं, तो पुढं खरोखरच देवाचं नाव घेत गावोगाव फिरला.

नानासाहेब चांदोरकर या अधिकाऱ्याबरोबर ते शिर्डीला साईबाबांकडे गेले. इस्लामपूरकर वामनशास्त्री हे त्यांचे गुरू. बरीच वर्षं बढतीची आस आणि भक्तीची ओढ यांत गेली. शेवटी १९०३ च्या सुमारास त्यांनी नोकरी सोडली. वय पस्तीस. त्यानंतर ते नांदेडला आले आणि मराठवाडा हीच त्यांची कर्मभूमी झाली. नांदेड तेव्हा निजामाच्या राज्यात होतं.

कीर्तन म्हणजे अंगमेहनत

साईसच्चरितात एक कथा आहे. शिर्डीत कीर्तनाला निघताना दासगणूंनी अंगरखा, उपरणं, फेटा असा थाट केला होता. बाबांनी त्यांना थट्टेनं नवरदेवासारखं नटल्याबद्दल विचारलं आणि ते सगळं उतरवायला लावलं. तेव्हापासून कंबरेच्या वर उघडं अंग, गळ्यात हार आणि हातात चिपळ्या, असं त्यांचं कीर्तन होऊ लागलं.

आता जरा शिक्षकाच्या नजरेनं या कीर्तनाकडे बघू. कीर्तनकार दोन-अडीच तास उभा असतो. पाय तालावर चालतात, हात चिपळ्या वाजवतात, श्वास लांब ओढून गावं लागतं. पूर्वरंगात अभंग घेऊन त्याचं निरूपण करायचं, उत्तररंगात आख्यान लावायचं. मध्ये ओवी, आर्या, साकी, दिंडी. सगळं तोंडपाठ. शिवाय समोरच्या माणसांचे चेहरे वाचायचे, लोक पेंगायला लागले की एखादा विनोद पेरायचा. म्हणजे पाय, छाती, गळा, स्मरण आणि माणसांशी संबंध, सगळ्यांना एकाच वेळी काम. आपण वर्गात उभं राहून शिकवतो, म्हणून आपल्याला याची थोडीफार कल्पना येते.

आपल्या लातूर भागात औशाच्या नाथ संस्थानचं चक्रीभजन ज्यांनी पाहिलंय, त्यांना हे वेगळं सांगायला नको. तिथं नुसतं बसून म्हणणं नसतं. पावलं टाकत, फिरत भजन होतं. भजनात शरीर आणि मन वेगळं काढून दाखवा म्हटलं तर दाखवता येणार नाही.

नांदेडचे रतनजी

साईसच्चरितातच नांदेडच्या रतनजी शापूरजी वाडिया यांची गोष्ट येते. हे पारशी गृहस्थ मोठे ठेकेदार. पैसा, शेती, गाडीघोडे, कशाचीच कमी नव्हती. पण मूलबाळ नसल्याची चिंता त्यांना आतून पोखरत होती. वरून सगळं सुखाचं दिसत होतं. त्यांनी आपलं मन मोकळं केलं ते दासगणूंपाशी. दासगणूंनी त्यांना शिर्डीला जायला सांगितलं.

पुढचा चमत्काराचा भाग ज्यानं त्यानं आपल्या श्रद्धेप्रमाणे घ्यावा. आपल्या विषयापुरतं महत्त्वाचं हे की मनातलं बोलायला रतनजींना एक माणूस सापडला. रतनजी काही म्हातारे नव्हते. पण आपल्या घरातल्या आजी-आजोबांची अडचण पुष्कळदा हीच असते. खायला-प्यायला असतं, औषधं असतात, ऐकणारं कुणी नसतं.

वयाचा हिशोब

आता फळ्यावर मांडण्यासारखा हिशोब. भक्तलीलामृत हा त्यांचा संतचरित्रांचा ग्रंथ १९०६ चा, तेव्हा वय ३८. साईनाथ स्तवनमंजरी १९१८ ची, गणेशचतुर्थीला नर्मदाकाठी महेश्वरला पूर्ण केलेली, तेव्हा वय ५०. भक्तिसारामृत १९२५ चं, वय ५७. आणि गजानन विजय १९३९ चा, शेगावात रचलेला, तेव्हा वय ७१!

इथं जरा थांबू या. आपल्यातले बहुतेक शिक्षक ५८ व्या वर्षी निवृत्त होतात. सत्कार होतो, शाल-श्रीफळ मिळतं, आणि घरचे प्रेमानं सांगतात की आता निवांत बसा. दासगणूंनी त्या वयानंतर तेरा वर्षांनी २१ अध्यायांची, साडेतीन हजारांहून जास्त ओव्यांची पोथी रचली. गजानन महाराजांनी १९१० मध्ये समाधी घेतली होती, म्हणजे मध्ये जवळजवळ तीस वर्षं गेलेली. तिथल्या मंडळींकडून माहिती, कागदपत्रं मिळवायची, प्रसंगांचा क्रम लावायचा आणि ते सगळं ओवीत बसवायचं, हे काम सत्तरी ओलांडलेल्या डोक्यानं केलं.

त्यांच्या आयुष्यात दुःखं नव्हती असं नाही. पत्नी सरस्वतीबाई त्यांच्या कितीतरी आधी गेल्या, स्वतःचं मूलबाळ नव्हतं. तरी माणसं जोडलेली होती. अनंत दामोदर आठवले हे त्यांच्याच छायेत वाढले. पुढं ते आयुर्वेदाचे अध्यापक झाले, त्यांनी दासगणूंचं चरित्र लिहिलं आणि नंतर वरदानंद भारती या नावानं संन्यास घेतला. ज्यांना मूल नव्हतं त्यांच्याभोवती असं घर उभं राहिलं. नोव्हेंबर १९६२ मध्ये पंढरपुरात दासगणूंनी देह ठेवला, तेव्हा वयाची ९४ वर्षं पूर्ण झाली होती.

शरीर आणि मन : साखळी कशी चालते

एका माणसाच्या आयुष्यावरून सगळ्यांसाठी नियम काढता येत नाही. भजन केलं म्हणजे नव्वदी गाठता येते, असं मुलांना सांगू नका. पण दासगणूंच्या दिनक्रमात ज्या गोष्टी आपोआप होत्या, त्याच गोष्टी आजचं वैद्यकशास्त्र सांगतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या सल्ल्याप्रमाणे ६५ वर्षांवरच्या माणसानं आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम श्रमाची हालचाल करावी, म्हणजे भरभर चालण्यासारखी. शिवाय आठवड्यातून तीन दिवस तोल सांभाळण्याचे व्यायाम करावेत. स्मृतिभ्रंशाचा धोका वाढवणाऱ्या आणि आपल्याला काही करता येण्यासारख्या गोष्टींची यादी लॅन्सेट आयोगानं दिली आहे. तिच्यात बैठं जीवन, एकटेपणा, नैराश्य, मधुमेह, रक्तदाब यांच्याबरोबर कमी ऐकू येणं आणि कमी दिसणं हेही आहे.

ही साखळी आपल्या घरात कशी चालते ते बघा. आजोबांचा गुडघा दुखतो म्हणून ते पारावर जाणं सोडतात. चालणं कमी झालं की मांड्यांतली ताकद कमी होते. मग पडायची भीती वाटते, म्हणून अंगणातही उतरत नाहीत. माणसं भेटत नाहीत, बोलणं होत नाही, मन खचतं. मन खचलं की भाकर गोड लागत नाही, रात्री झोप येत नाही, गोळ्या घ्यायचा कंटाळा येतो. मग शुगर वाढते, थकवा येतो, आणि गुडघा आणखीच दुखतो. सुरुवात शरीरापासून झाली की मनापासून, हे शेवटी कुणालाच सांगता येत नाही.

उलट बाजूनंही असंच होतं. आजी गेल्यावर आजोबा गप्प होतात आणि सहा महिन्यांत खाटेला खिळतात. आपण म्हणतो, वय झालं. पण म्हाताऱ्या माणसांतलं नैराश्य कित्येकदा रडण्यातून दिसत नाही. अंग दुखणं, भूक नसणं, चिडचिड, झोप उडणं, काहीच नको वाटणं, अशा रूपात येतं. हा आजार आहे आणि त्याला उपचार आहेत. नामस्मरण करा म्हणून तो सोडून देऊ नये. नांदेड आणि लातूर दोन्हीकडे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय आहे. मनाच्या त्रासासाठी टेली-मानस १४४१६ आणि ज्येष्ठ नागरिकांसाठी १४५६७ हे मदतीचे फोन क्रमांक आहेत. हे दोन्ही क्रमांक शाळेच्या फलकावर लिहून ठेवा.

एक साधी गोष्ट सुटून जाते ती कानाची. ऐकू येत नाही म्हणून म्हातारा माणूस बोलण्यातून बाहेर पडतो, आणि आपण समजतो की त्याला आता कशातच रस नाही. मोतीबिंदूचंही तसंच. पोथी दिसेना की पोथी सुटते, आणि पोथीबरोबर रोजचा एक तास सुटतो. आधी कान-डोळे तपासून घ्या. बाकीच्या गोष्टी नंतर.

या आयुष्यातून काय घ्यायचं

दासगणूंना उतारवयात एक गोष्ट लाभली होती, ती म्हणजे त्यांची गरज असलेलं काम. कीर्तनाला लोक त्यांची वाट बघत, म्हणून तिथवर जाणं आलं. तिथं गेल्यावर उभं राहणं आलं. उभं राहिल्यावर आख्यान आठवणं आलं. मनाला ओढ होती म्हणून शरीर हललं आणि शरीर हललं म्हणून मन ताजं राहिलं. आपण आपल्या माणसांना प्रेमापोटी बसवून ठेवतो. भाजी निवडू देत नाही, दुकानात जाऊ देत नाही, नातवाला शाळेत सोडू देत नाही. त्यांचे कष्ट वाचवताना आपण त्यांची गरजच काढून घेतो. झेपेल तेवढं काम त्यांच्याकडे राहू द्या. आणि मराठवाड्यात आज कितीतरी घरांत तरुण पुण्या-मुंबईला किंवा ऊसतोडीला गेलेत, मागं म्हातारे आणि शाळकरी पोरं उरलीत. तिथं तर आजी-नातवाचं हे नातं हाच दोघांचा आधार आहे.

वर्गासाठी आणि घरासाठी उपक्रम

१. महिन्यातून एकदा एका विद्यार्थ्याच्या आजीला किंवा आजोबांना वर्गात बोलवा. ओवी, भारूड, शेतीची माहिती, निजामाच्या काळाबद्दल वडीलधाऱ्यांकडून ऐकलेल्या गोष्टी, काहीही चालेल. त्यांनी मुलांच्या सोबतीनं चालत यावं, असं बघा.

२. मुलांनी घरातल्या वडीलधाऱ्यांसोबत रोज वीस मिनिटं चालावं आणि वहीत तारीख लिहावी. आठवड्याची बेरीज वर्गात करावी. १५० ला किती कमी पडली, हे गणिताच्या तासाला काढता येईल.

३. घरातल्या म्हाताऱ्या माणसाला ऐकू नीट येतं का, दिसतं का, झोप लागते का, जेवण जातं का, शेवटचं घराबाहेर कधी पडले, हे पाच प्रश्न मुलांनी विचारावेत. उत्तरं वर्गात मोठ्यानं वाचून दाखवू नयेत, ती पालकांना सांगावीत.

४. पालकांनी आजी-आजोबांना घरातलं एक रोजचं काम ठरवून द्यावं आणि ते काम त्यांच्याशिवाय कुणी करू नये.

५. गृहपाठ : दासगणूंच्या ग्रंथांची वर्षं आणि त्यांचं वय यांचा तक्ता करा. त्याखाली आपल्या आजी-आजोबांचं वय लिहा आणि ते आजही जे काम करतात, ते त्यासमोर लिहा. रकाना रिकामा राहिला, तर घरी जाऊन त्यांनाच विचारा की त्यांना काय करायला आवडेल.