मांजराच्या पोटात दिसलेली भीती

व्हायवाला तुमचं नाव पुकारलं जातं आणि पोटात गोळा येतो. तोंड कोरडं, छातीत धडधड. मनाला बसलेली धास्ती पोटाला कशी कळते? हे शोधायला सुरुवात केली तेव्हा वॉल्टर कॅनन तुमच्यासारखाच विद्यार्थी होता.

जन्म १८७१, अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनमधला. १८९६ मध्ये तो हार्वर्डच्या मेडिकल कॉलेजात आला, तेव्हा क्ष-किरणांचा शोध अगदी ताजा होता. अन्न पोटात जाताना या किरणांनी दिसतं का ते बघ, असं प्राध्यापक बाउडिच यांनी सुचवलं. कॅननने मांजरांना बिस्मथ कालवलेलं अन्न दिलं. बिस्मथ किरणांना अडवतं, त्यामुळे पडद्यावर जठराच्या लाटा दिसायच्या.

पण मधूनच त्या लाटा थांबायच्या. दुसऱ्या कुणी प्रयोग फसला म्हणून सोडून दिला असता. हा पठ्ठ्या मांजराकडे बघत राहिला. मांजर चिडलं, घाबरलं की जठर बंद. शांत झालं की पुन्हा सुरू!

कारण शोधण्यात पुढची कित्येक वर्षं गेली. धोका दिसला की मेंदू मज्जातंतूंमार्फत हुकूम सोडतो. मूत्रपिंडांवरच्या ग्रंथींतून अ‍ॅड्रिनलिन रक्तात येतं. हृदय वेग घेतं, रक्तातली साखर वाढते, पचन थांबतं. ही सगळी लढायची किंवा पळायची तयारी. १९१५ मध्ये त्याने हे पुस्तकात मांडलं. शरीराच्या आतला तोल सांभाळण्याच्या धडपडीला होमिओस्टॅसिस हे नावही त्याचंच.

ही तयारी थोड्या वेळापुरती असते. संकट सरलंच नाही तर? शापाच्या धसक्याने धडधाकट माणसं मरतात, अशा हकिकती त्याने थट्टेवारी नेल्या नाहीत. भीती लांबली तर रक्ताभिसरण कोलमडू शकतं, असं त्याने १९४२ मध्ये लिहिलं.

या कामाची किंमत त्याच्या शरीराने मोजली. क्ष-किरणांपासून जपायचं असतं, हे सुरुवातीला कुणालाच ठाऊक नव्हतं. त्वचेच्या आजाराने त्याला वर्षानुवर्षं छळलं. १९४५ मध्ये तो गेला, तोही त्या किरणांनी झालेल्या आजाराने, असं मानलं जातं.

तेव्हा परीक्षेच्या तोंडावर रूममेटचं पोट दुखलं आणि रिपोर्ट नॉर्मल आले, तर नाटकं करतोय म्हणू नका. दुखणं खरंच असतं. त्याच्याजवळ बसा, कसली धास्ती घेतलीय ते विचारा.