आनंदी साधु : संत फिलिप नेरी

मनुष्याच्या भक्तीचें मोजमाप डोळ्यांना दिसणाऱ्या खुणांवरून करण्याची संवय आपणां सर्वांनाच आहे. गळ्यांत माळ, खालीं झुकलेली मान आणि गंभीर चेहरा दिसला कीं त्या मनुष्यास भाविक ठरवून आपण मोकळे होतों. सेमिनरींतून नुकताच बाहेर पडलों तेव्हां मीहि असाच लांब चेहरा करून फिरत असें. त्या चेहऱ्याआड फारसें कांहीं नव्हतें, हें कबूल करावयास आतां लाज वाटत नाहीं. ज्युबिलीच्या ह्या पुस्तिकेंत संत फिलिप नेरी ह्यांचें चरित्र सांगण्याचें कारण तेंच.

फिलिप ह्यांचा जन्म इटलींतील फ्लॉरेन्स शहरीं २१ जुलै १५१५ रोजीं झाला. ऐन तारुण्यांत एका धनवान नातलगाचा वारसा सोडून ते रोमला आले. एका गृहस्थाच्या दोन मुलांना शिकवावें, त्याबद्दल मिळणाऱ्या लहानशा खोलींत राहावें व रात्रीं शहराबाहेरील प्राचीन ख्रिस्ती दफनभुयारांत प्रार्थना करावी, असा त्यांचा क्रम होता. १५४४ सालीं पवित्र आत्म्याच्या सणाच्या सुमारास संत सेबास्तियन ह्यांच्या भुयारांत अग्नीचा गोळा आपल्या हृदयांत शिरल्याचा अनुभव त्यांस आला. त्यानंतर त्यांच्या छातीची धडधड जवळ बसलेल्यांना जाणवे. मृत्यूनंतर वैद्यांना हृदयावरील दोन बरगड्या मोडून बाहेर वळलेल्या आढळल्या. एवढी मोठी कृपा त्यांनीं जवळजवळ जन्मभर झांकून ठेविली.

१५४८ सालीं त्यांनीं एका बंधुसंघाच्या स्थापनेस हात दिला, आणि १५५० च्या ज्युबिली वर्षीं त्या संघानें रोमला आलेल्या दमल्याभागल्या यात्रेकरूंना आसरा व अन्न दिलें. २३ मे १५५१ रोजीं फिलिप धर्मगुरु झाले. तासन् तास पापनिवेदन ऐकावें, तरुणांना खोलींत जमवून धर्मग्रंथांवर मोकळेपणानें बोलावें, गावें, कार्निव्हालच्या दिवसांत त्यांना घेऊन सात मंदिरांची यात्रा करावी व वाटेंत एखाद्या बागेंत सर्वांनीं मिळून जेवावें, ही त्यांची रीत. इतका आनंद कांहीं वरिष्ठांस संशयास्पद वाटला! १५५९ सालीं कांहीं दिवस त्यांस पापनिवेदन ऐकण्याचीहि बंदी झाली. त्यांनीं ती निमूटपणें पाळली.

लोक साधु म्हणून पाहावयास येत, तेव्हां ते मुद्दाम विनोदी गोष्टी वाचावयास लावीत. एकदां तर अर्धीच दाढी काढून लोकांपुढें आले म्हणतात. एका शिष्यानें केसाळ कापडाचा टोंचणारा सदरा घालण्याची परवानगी मागितली. फिलिपनीं ती दिली, पण सदरा कपड्यांच्या वरून घालावयास सांगितला! बिचाऱ्याची गांवभर थट्टा झाली. देहदंड सोसणें त्या मानानें सोपें गेलें असतें. तेच फिलिप उतारवयांत मिस्सा अर्पितांना इतके तल्लीन होत कीं सेवक त्यांस एकटे सोडून दोन तासांनीं परत येई.

१५५७ च्या सुमारास हिंदुस्थानांतून आलेलीं मिशनरींचीं पत्रें वाचून त्यांनाहि इकडे येण्याची ओढ लागली होती. एका मठवासी साधूनें मात्र त्यांचा हिंदुस्थान रोमच आहे असें सांगितलें, आणि ते तेथेंच राहिले. त्यांच्या ओरेटरी संघास १५७५ सालीं पोप तेरावे ग्रेगरी ह्यांची मान्यता मिळाली. २५ मे १५९५ रोजीं, ख्रिस्तशरीराच्या सणीं, त्यांनीं नेहमींप्रमाणें पापनिवेदनें ऐकलीं व उत्तररात्रीं देह ठेविला. हिंदुस्थानांत आलेले फ्रान्सिस झेवियर आणि येऊं न शकलेले फिलिप ह्या दोघांस १२ मार्च १६२२ रोजीं एकाच सोहळ्यांत संतपद देण्यांत आलें.

फिलिप ह्यांचा नियम मात्र पुढें इकडे आलाच. १६८५ सालीं जोसेफ वाझ ह्या गोमंतकीय धर्मगुरूंनीं त्यावर आपला संघ उभारिला. १६८७ सालीं ते सिलोनांत उतरले तेव्हां डच अंमलामुळें अंगावर झगा घालण्याचीहि सोय नव्हती. फाटक्या कपड्यांत दारोदार भीक मागत ते आपलीं माणसें शोधीत होते. १४ जानेवारी २०१५ रोजीं कोलंबो येथें पोप फ्रान्सिस ह्यांनीं त्यांस संत म्हणून घोषित केलें.