ब्लाइंड विली जॉन्सन

ब्लाइंड विली जॉन्सन (जन्म : २५ जानेवारी १८९७, पेंडलटन, टेक्सास, मृत्यू : १८ सप्टेंबर १९४५, ब्यूमाँट, टेक्सास) हे आफ्रिकी-अमेरिकी गायक, गिटारवादक आणि धर्मोपदेशक होते. ब्लूज संगीताची वादनशैली आणि ख्रिस्ती भक्तिगीते यांचा मेळ घालणाऱ्या गायकांमध्ये त्यांचे स्थान अग्रगण्य मानले जाते. १९२७ ते १९३० या काळात कोलंबिया रेकॉर्ड्स या कंपनीसाठी त्यांनी ३० गीते ध्वनिमुद्रित केली. त्यानंतर त्यांचा आवाज पुन्हा कधीही मुद्रित झाला नाही. त्यांच्या ‘डार्क वॉज द नाइट, कोल्ड वॉज द ग्राउंड’ या रचनेचा समावेश १९७७ साली व्हॉयेजर अंतराळयानांवरील सुवर्ण तबकडीत करण्यात आला. जॉन्सन यांच्या मृत्यूनंतर सुमारे दहा वर्षांनी त्यांच्या चरित्राचा शोध सुरू झाला. आरंभी आठवणींच्या आधारे लिहिल्या गेलेल्या त्या चरित्रातील अनेक तपशील पुढे सापडलेल्या कागदपत्रांमुळे बदलावे लागले.

बालपण आणि अंधत्व

जॉन्सन यांचा जन्म टेक्सास राज्याच्या मध्य भागातील कापूस पिकवणाऱ्या प्रदेशात, एका गरीब शेतकरी कुटुंबात झाला. ते लहान असतानाच त्यांच्या आईचे निधन झाले आणि वडिलांनी दुसरा विवाह केला. त्यांच्या बालपणाचा बराच काळ मार्लिन या गावी आणि त्याच्या परिसरात गेला. सिगारच्या रिकाम्या खोक्यापासून वडिलांनी बनवून दिलेली गिटार हे त्यांचे पहिले वाद्य होते, असे सांगितले जाते.

जॉन्सन जन्मांध नव्हते. त्यांच्या पत्नी एंजेलिन यांनी सांगितलेल्या हकिकतीनुसार, ते सुमारे सात वर्षांचे असताना वडील आणि सावत्र आई यांच्यात भांडण झाले. त्या भांडणात सावत्र आईने फेकलेले दाहक क्षाराचे पाणी मुलाच्या डोळ्यांत गेले आणि त्याची दृष्टी गेली. या घटनेची समकालीन नोंद उपलब्ध नाही. तरीही जॉन्सन यांच्या बहुतेक चरित्रांत हीच हकिकत दिली जाते.

त्या काळी टेक्सासमधील अंध कृष्णवर्णीय मुलाला उपजीविकेचे फारसे मार्ग खुले नव्हते. शेतमजुरी शक्य नसल्याने रस्त्यावर गाणे आणि चर्चमध्ये भजने म्हणणे एवढेच त्यांच्या हाती उरले. हर्न या गावचे अंध धर्मोपदेशक ॲडम बुकर यांनी पुढे संशोधकांना दिलेल्या माहितीनुसार, जॉन्सन यांचे वडील त्यांना गावातील रस्त्याच्या कोपऱ्यावर गाण्यासाठी सोडून जात असत. येणाऱ्या-जाणाऱ्यांनी टाकलेली नाणी हेच त्यांचे उत्पन्न होते.

ध्वनिमुद्रणे

१९२० च्या दशकात अमेरिकेतील ध्वनिमुद्रण कंपन्या कृष्णवर्णीय ग्राहकांसाठी स्वतंत्र मालिका काढत असत. त्यांना ‘रेस रेकॉर्ड्स’ असे म्हणत. दक्षिणेकडील गायकांना उत्तरेतील शहरांत बोलावण्याऐवजी कंपन्यांचे प्रतिनिधी यंत्रसामग्री घेऊन दक्षिणेत येत आणि तात्पुरते ध्वनिमुद्रणगृह उभारून स्थानिक गायकांचे मुद्रण करीत. कोलंबिया कंपनीचे फ्रँक वॉकर यांनी डॅलस येथे अशीच व्यवस्था केली होती. तेथे ३ डिसेंबर १९२७ रोजी जॉन्सन यांनी प्रथमच सहा गीते मुद्रित केली. त्यांच्या पहिल्या तबकडीच्या सुरुवातीला ९,४०० प्रती काढण्यात आल्या. रस्त्यावर गाणाऱ्या नवख्या गायकाच्या दृष्टीने ही संख्या मोठी होती.

यानंतर डिसेंबर १९२८ मध्ये डॅलस येथे चार, डिसेंबर १९२९ मध्ये न्यू ऑर्लीन्स येथे दहा आणि एप्रिल १९३० मध्ये अटलांटा येथे दहा गीते मुद्रित झाली. पहिल्या बैठकीत जॉन्सन एकटेच गायले. नंतरच्या बैठकींत मात्र त्यांच्या साथीला स्त्रीस्वर ऐकू येतो. १९२९ च्या अखेरीस आलेल्या आर्थिक महामंदीमुळे तबकड्यांचा खप झपाट्याने घसरला आणि १९३० नंतर जॉन्सन यांना ध्वनिमुद्रणाची संधी मिळाली नाही. पुढील १५ वर्षे ते पूर्वीप्रमाणेच टेक्सासमधील रस्त्यांवर आणि चर्चमध्ये गात राहिले.

न्यू ऑर्लीन्स येथे बायबलमधील सॅमसनच्या कथेवरील गीत एका सरकारी इमारतीसमोर गायल्यामुळे, लोकांना चिथावणी दिल्याच्या संशयावरून त्यांना अटक झाली, अशी एक आख्यायिका आहे. तिला कागदोपत्री आधार मिळालेला नाही.

गायन आणि वादनशैली

जॉन्सन यांनी मुद्रित केलेली सर्व गीते धार्मिक आहेत. त्यामुळे त्यांना काटेकोर अर्थाने ब्लूज गायक म्हणावे का, याविषयी अभ्यासकांत मतभेद आढळतात. त्यांचे गिटारवादन मात्र पूर्णपणे ब्लूजच्या परंपरेतील आहे. मोकळ्या तारा छेडल्या तरी स्वरमेळ ऐकू येईल अशा पद्धतीने ते गिटार जुळवीत आणि तारांवरून कठीण वस्तू सरकवून सलग मिंड काढीत. या पद्धतीला स्लाइड वादन म्हणतात. ती वस्तू खिशातील चाकू होती की धातूचे कडे, याबाबत त्यांना ऐकलेल्या व्यक्तींच्या आठवणी परस्परांशी जुळत नाहीत.

गाताना ते दोन प्रकारचे आवाज वापरीत. एक त्यांचा नैसर्गिक, मोकळा आवाज आणि दुसरा मुद्दाम काढलेला घोगरा, खरखरीत खर्ज. गजबजलेल्या रस्त्यावर ध्वनिवर्धकाशिवाय दूरवर पोहोचेल असा हा दुसरा आवाज त्यांच्या गायनाची ओळख ठरला. अनेकदा ओळीचा शेवटचा शब्द ते स्वतः न गाता गिटारवर वाजवीत.

‘डार्क वॉज द नाइट’ ही रचना पहिल्याच बैठकीत मुद्रित झाली. तिचे शीर्षक येशू ख्रिस्ताने अटकेपूर्वी गेथसेमनी बागेत केलेल्या प्रार्थनेवरील एका जुन्या इंग्रजी स्तोत्रातून घेतले आहे. जॉन्सन यांनी मात्र त्या स्तोत्राचे शब्द गायलेले नाहीत. तीन मिनिटांहून थोड्या अधिक कालावधीच्या या रचनेत केवळ गुणगुणणे, हुंकार आणि गिटार आहे. कृष्णवर्णीयांच्या बॅप्टिस्ट चर्चमध्ये प्रमुखाने एक ओळ म्हणावी आणि समुदायाने ती लांबवून गावी, अशी प्रथा होती. अक्षरओळख नसलेल्या आणि स्तोत्रांची पुस्तके नसलेल्या भाविकांना तिचा उपयोग होई. या रचनेत गिटार आणि कंठ यांनी त्या दोन भूमिका वाटून घेतलेल्या दिसतात.

अखेरचे दिवस

आयुष्याच्या अखेरच्या काळात जॉन्सन ब्यूमाँट येथे राहत होते. १९४५ च्या शहर-निर्देशिकेत धर्मोपदेशक म्हणून त्यांचे नाव आढळते. राहत्या घरीच ते प्रार्थनागृह चालवीत. एंजेलिन यांच्या सांगण्यानुसार, या घराला आग लागली. जाण्यास दुसरी जागा नसल्याने जळालेल्या घरातच ओल्या अंथरुणावर वर्तमानपत्रे पसरून पती-पत्नी झोपले. त्यातून जॉन्सन यांना न्यूमोनिया झाला आणि रुग्णालयाने त्यांना दाखल करून घेतले नाही. मृत्यूच्या दाखल्यात मात्र मृत्यूचे कारण मलेरियाचा ताप असे असून सिफिलिस आणि अंधत्व यांची साहाय्यक कारणे म्हणून नोंद आहे. कोणत्याही हकिकतीनुसार पाहिले तरी त्यांचा मृत्यू दारिद्र्यात झाला. त्या वेळी ते ४८ वर्षांचे होते.

चरित्राचा शोध

१९५२ साली हॅरी स्मिथ यांनी संपादित केलेल्या अमेरिकी लोकसंगीताच्या संग्रहात जॉन्सन यांच्या एका गीताचा समावेश झाला. त्यामुळे नव्या पिढीला हा आवाज ऐकायला मिळाला; परंतु गायकाविषयी कोणालाही माहिती नव्हती. संशोधक सॅम्युअल चार्टर्स यांनी टेक्सासमध्ये शोध घेतला आणि ब्यूमाँट येथे एंजेलिन यांची भेट घेऊन त्यांच्या आठवणी ध्वनिमुद्रित केल्या. या आठवणी आणि जॉन्सन यांची गीते असलेली तबकडी फोकवेज कंपनीने १९५७ साली प्रकाशित केली. तीच दीर्घकाळ जॉन्सन यांच्या चरित्राचा मुख्य आधार राहिली.

या शोधाशिवाय जॉन्सन यांच्या आयुष्याचा मोठा भाग अज्ञातच राहिला असता. तथापि चरित्र एकाच व्यक्तीच्या स्मरणावर उभे राहिल्याने काही चुकाही रूढ झाल्या. ध्वनिमुद्रणांतील साथीचा स्त्रीस्वर एंजेलिन यांचाच आहे, असे मानले गेले आणि तसे पुस्तकांतूनही छापले गेले. १९७० च्या दशकात डॅन विल्यम्स या संशोधकाला मार्लिन येथे विली बी. हॅरिस ही वृद्ध महिला भेटली. ध्वनिमुद्रणांच्या काळात त्या जॉन्सन यांच्या पत्नी होत्या आणि डॅलस व अटलांटा येथील मुद्रणांत त्यांनी साथ केली होती. पुढे ही ओळख मान्य झाली आणि १९९३ साली जॉन्सन यांची सर्व गीते एकत्रित प्रकाशित झाली, तेव्हा सोबतच्या टिपणात चार्टर्स यांनीही आधीचे मत दुरुस्त केले. हॅरिस यांना स्वतःच्या आवाजाचे श्रेय मिळण्यास अशा प्रकारे अनेक दशके लागली. न्यू ऑर्लीन्स येथील गायिकेची ओळख मात्र निश्चित झालेली नाही.

जन्म-मृत्यूच्या तारखांबाबतही असेच घडले. जुन्या संदर्भग्रंथांत जॉन्सन यांचा जन्म १९०२ च्या सुमारास आणि मृत्यू १९४० च्या दशकाच्या अखेरीस झाल्याचे लिहिलेले आढळते. पत्रकार मायकेल कॉर्कोरन आणि इतर संशोधकांनी शोधलेल्या मृत्यूच्या दाखल्यावरून आणि पहिल्या महायुद्धातील सैन्यभरतीच्या नोंदीवरून आज मान्य असलेल्या तारखा ठरल्या. या दोन कागदांतही जन्मस्थळ एकच नाही. सैन्यभरतीची नोंद पेंडलटन हे नाव देते, तर मृत्यूचा दाखला इंडिपेंडन्स हे गाव सांगतो.

व्हॉयेजरवरील समावेश

परग्रहावरील संभाव्य जीवसृष्टीला मानवाची ओळख व्हावी, या हेतूने १९७७ साली व्हॉयेजर यानांवर सुवर्ण तबकडी ठेवण्यात आली. खगोलशास्त्रज्ञ कार्ल सेगन यांच्या समितीने तिच्यासाठी जगभरातील संगीताचे २७ नमुने निवडले. त्यांत जॉन्सन यांच्या ‘डार्क वॉज द नाइट’चा समावेश आहे. याच तबकडीवर, गोव्यातील केरी येथे जन्मलेल्या जयपूर-अत्रौली घराण्याच्या गायिका केसरबाई केरकर यांची भैरवी रागातील ‘जात कहाँ हो’ ही रचनाही आहे. व्हॉयेजर १ या यानाने ऑगस्ट २०१२ मध्ये आंतरतारकीय अवकाशात प्रवेश केला.

प्रभाव आणि सन्मान

इटालियन दिग्दर्शक पाझोलिनी यांनी येशूच्या जीवनावरील १९६४ च्या चित्रपटात जॉन्सन यांची ही रचना वापरली. ‘पॅरिस, टेक्सास’ (१९८४) या चित्रपटासाठी राय कूडर यांनी केलेले संगीतही तिच्यावर आधारित आहे. लेड झेपेलिन या ब्रिटिश वाद्यवृंदाने जॉन्सन यांची गीते नव्या रूपात सादर केली. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने २०१० सालच्या राष्ट्रीय ध्वनिमुद्रण नोंदवहीत ‘डार्क वॉज द नाइट’चा समावेश केला. जॉन्सन यांना ब्यूमाँट येथील ब्लँचेट दफनभूमीत पुरण्यात आले. तेथे आता त्यांचे स्मारक असून दफनाची नेमकी जागा अज्ञात आहे.