बाबासाहेबांच्या नोकऱ्या आणि आमच्या मुलांचा पगार

मागच्या महिन्यात आमच्या भागातला एक मुलगा दोन नेमणूकपत्रे घेऊन आमच्याकडे आला. नुकताच इंजिनिअर झालेला. एक पत्र पुण्याच्या कंपनीचे. पगार बरा, पण दोन वर्षांचा बॉण्ड आणि मूळ गुणपत्रिका जमा करण्याची अट. दुसरे पत्र आपल्याच जिल्ह्यातले. पगार कमी, बॉण्ड नाही. कुठे सही करू, असा त्याचा प्रश्न होता. आम्ही त्याला विचारले की, दुसरे पत्र हातात आहे हे पहिल्या कंपनीला सांगितलेस का, पगार वाढवून मागितलास का? तो चपापला. मागितले तर आहे तेही जाईल, अशी त्याला भीती होती. सोबत त्याचे वडील होते. आयुष्यभर नगरपालिकेत राबलेला माणूस. ते म्हणाले की, बाबासाहेबांनी कधी पगाराकडे पाहिले नाही, मग आपण कशाला पाहायचे?

वडिलांची श्रद्धा खरी होती, पण माहिती चुकीची होती. ही चूक त्यांच्या एकट्याची नाही. आमच्या व्यासपीठांवरून गेली कित्येक वर्षे हेच सांगितले जाते की बाबासाहेबांनी नोकऱ्यांना लाथ मारली. बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर हे अर्थशास्त्रज्ञ होते. त्यांनी पगाराचा विचार केला, बारकाईने केला, आणि नोकरीची किंमत फक्त रुपयांत मोजायची नसते हेही ओळखले. १९१३ ते १९२३ या दहा वर्षांत त्यांनी नोकरी कशी धरली आणि कशी सोडली, हे आमच्या तरुणांनी एकदा नीट समजून घ्यावे, म्हणून हा लेख.

१४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे जन्मलेले भीमराव हे सुभेदार रामजी सकपाळांचे चौदावे अपत्य. घर पेन्शनवर चाललेले. एल्फिन्स्टन कॉलेजचे शिक्षण झाले ते बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी दिलेल्या दरमहा २५ रुपयांच्या शिष्यवृत्तीवर. गुरुवर्य कृष्णाजी अर्जुन केळुस्करांनी त्यासाठी शब्द टाकला होता. बी. ए. झाल्यावर जानेवारी १९१३ मध्ये भीमराव बडोदा संस्थानच्या नोकरीत गेले. वडिलांना ती नोकरी पसंत नव्हती. मुलाला तिथे काय भोगावे लागेल, हे फौजेत आयुष्य काढलेल्या त्या माणसाला कळत असावे. थोड्याच दिवसांत वडिलांच्या आजारपणाची बातमी आली. भीमराव मुंबईला परतले आणि २ फेब्रुवारी १९१३ रोजी रामजी बाबा गेले.

त्यानंतर आला पहिला करार. ४ जून १९१३ रोजी भीमरावांनी बडोदा संस्थानशी करारपत्रावर सही केली. संस्थानाने अमेरिकेतील शिक्षणासाठी तीन वर्षे दरमहा साडेअकरा पौंड द्यायचे आणि शिक्षण संपल्यावर भीमरावांनी दहा वर्षे संस्थानची नोकरी करायची. आजच्या भाषेत हा बॉण्डच. त्यांच्यासमोर दुसरा देकार नव्हता. वडील गेलेले, घरात विधवा सावत्र आई, थोरल्या भावाचा संसार, रमाई आणि कोवळे मूल. अशा वेळी दहा वर्षे लिहून देणे ही लाचारी नव्हती. कोलंबिया विद्यापीठाचे दार त्या एका सहीने उघडत होते आणि दुसऱ्या कोणत्याही किल्लीने उघडणार नव्हते. महाराजांचे ते ऋण आम्ही कधी विसरणार नाही. पण वकील म्हणून एवढे नोंदवतो की, ज्याच्या हातात दुसरे पत्र नसते, त्याला अटी ठरवता येत नाहीत. त्याला फक्त अटी वाचता येतात.

१९१५ मध्ये एम. ए. झाले. १९१६ मध्ये ते लंडनला गेले. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स आणि ग्रेज इन या दोन्ही ठिकाणी नाव घातले. तोच शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि १९१७ मध्ये अर्धे शिक्षण टाकून परतावे लागले. मात्र परतण्यापूर्वी त्यांनी एक गोष्ट केली. ऑक्टोबर १९१७ पासून चार वर्षांच्या आत येऊन अभ्यास पुरा करण्याची परवानगी विद्यापीठाकडून मिळवली. ही चार वर्षांची मुदत लक्षात ठेवा. पुढची प्रत्येक नोकरी त्यांनी या मुदतीच्या मापाने मोजली.

करार पाळण्यासाठी सप्टेंबर १९१७ मध्ये ते बडोद्याला गेले. महाराजांच्या लष्करी सचिवाच्या जागी त्यांची नेमणूक झाली. पद मोठे होते. पण कचेरीतले शिपाई विटाळाच्या भीतीने फायली त्यांच्या टेबलावर लांबून फेकत. गावात राहायला घर मिळेना. अखेर पारशी म्हणून नाव लावून ते एका पारशी धर्मशाळेत राहिले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेला जमाव आला आणि त्यांना संध्याकाळपर्यंत बाहेर पडण्याची तंबी दिली. दोन मित्रांकडे आसरा मागितला, दोघांनीही सबबी सांगितल्या. रात्रीच्या गाडीपर्यंतचे तास बाबासाहेबांनी बडोद्याच्या सार्वजनिक बागेत काढले आणि मुंबई गाठली.

जगातल्या नामवंत विद्यापीठात शिकलेल्या या माणसाच्या नोकरीत पगार होता, हुद्दा होता, राजाचा आशीर्वाद होता; फक्त रात्री पाठ टेकायला जागा नव्हती. मग त्या पगाराची खरी किंमत किती? आज आमचा मुलगा मोठ्या शहरात नोकरीला जातो आणि आडनाव ऐकून घरमालक खोली नाकारतो, तेव्हा हा प्रश्न जुना झालेला नसतो. नेमणूकपत्रावरचा आकडा हा हिशोबाचा एक रकाना आहे. ती नोकरी आपल्याकडून काय काढून घेणार, हा दुसरा रकाना. बाबासाहेबांनी दुसरा रकाना बडोद्यात रक्ताने भरला.

मुंबईत परतल्यावर चरितार्थाचे हाल झाले. दोन पारशी विद्यार्थ्यांच्या शिकवण्या धरल्या. शेअर बाजाराच्या व्यवहारात सल्ला देण्याचा धंदा काढला, पण सल्लागार अस्पृश्य आहे हे कळताच गिऱ्हाईक तुटले. ज्ञान तेच, सल्ला तोच; जात कळली आणि त्याचा भाव शून्यावर आला. बाजार गुणवत्तेला भाव देतो असे आम्हाला रोज सांगणाऱ्यांनी हे प्रकरण जरूर आठवावे.

नोव्हेंबर १९१८ मध्ये सिडनहॅम कॉलेजात अर्थशास्त्राच्या प्राध्यापकाची तात्पुरती जागा त्यांना मिळाली. मुंबईचे माजी गव्हर्नर लॉर्ड सिडनहॅम यांच्याशी लंडनमध्ये ओळख झाली होती, तिचा त्यांनी संकोच न करता उपयोग केला. पगार दरमहा ४५० रुपये. वडिलांच्या पेन्शनवर वाढलेल्या घराला हा आकडा केवढा वाटला असेल! तिथेही प्राध्यापकांच्या खोलीतील पाण्याच्या भांड्याला त्यांनी हात लावण्यास काही सहकाऱ्यांनी हरकत घेतली. तरी बाबासाहेबांनी नोकरी केली, कारण ती कशासाठी आणि किती दिवस करायची, हे त्यांचे ठरलेले होते. ते परळच्या इम्प्रूव्हमेंट ट्रस्टच्या चाळीतच राहिले. रमाईने ठरलेल्या रकमेत घर चालवले आणि उरलेला पैसा लंडनसाठी बाजूला पडत गेला.

या नोकरीची आणखी एक किंमत होती. ३१ जानेवारी १९२० रोजी ‘मूकनायक’ सुरू झाला, पण त्यावर संपादक म्हणून नाव पांडुरंग नंदराम भटकरांचे होते. बाबासाहेब सरकारी नोकरीत होते. ४५० रुपयांच्या पगाराने त्यांचे नाव काही काळ झाकले. त्यांनी हे सोसले, पण फार दिवस नाही. मार्च १९२० मध्ये राजीनामा दिला. स्वतःची शिल्लक, राजर्षी शाहू महाराजांचे साहाय्य आणि नवल भथेना या मित्राकडून घेतलेले पाच हजारांचे कर्ज, एवढ्या भांडवलावर ते लंडनला परतले. चार वर्षांची मुदत अजून संपली नव्हती. १९२१ मध्ये एम. एस्सी., १९२२ मध्ये बॅरिस्टर, १९२३ मध्ये डी. एस्सी.

एप्रिल १९२३ मध्ये ते मुंबईत उतरले, तेव्हा वकिलीची सनद काढायलाही हातात पैसा नव्हता. तोही भथेनांनीच दिला. सॉलिसिटर मंडळी अस्पृश्य बॅरिस्टरला काम देत नसत. मिळकत जेमतेम. अशा वेळी जिल्हा न्यायाधीशाच्या जागेचा देकार आला. ठरलेला पगार, मान, घर, पुढे बढतीची आशा. बाबासाहेबांनी तो नाकारला. सरकारी न्यायाधीश झाल्यावर आपल्या माणसांसाठी बोलता येणार नाही, हे कारण त्यांनी पुढे जाहीरपणे सांगितले आहे.

म्हणून त्यांनी पैसा मिळवायचे सोडले काय? नाही. वकिली चालू ठेवली. १९२५ ते १९२८ या काळात बाटलीबॉय यांच्या अकौंटन्सीच्या संस्थेत व्यापारी कायदा शिकवला. ही अर्धवेळ कामे पोट भरत होती आणि जीभ मोकळी ठेवत होती. याच काळात बहिष्कृत हितकारिणी सभा उभी राहिली, १९२७ मध्ये महाडचे चवदार तळे झाले आणि ‘बहिष्कृत भारत’ स्वतःच्या नावाने निघाला. पुढे जून १९३५ मध्ये ते मुंबईच्या शासकीय विधी महाविद्यालयाचे प्राचार्य झाले आणि त्याच वर्षी १३ ऑक्टोबरला येवल्याला धर्मांतराची घोषणा केली. १९२० मध्ये सरकारी नोकरीत असताना पत्रावर दुसऱ्याचे नाव घालावे लागले. १९३५ मध्ये सरकारी महाविद्यालयाचा प्राचार्य येवल्याला उभा राहून देश हादरवतो. मधल्या पंधरा वर्षांत बाबासाहेबांची ताकद वाढली होती. अटी कोण ठरवणार, हे अशा ताकदीवर ठरते.

या हिशोबात रमाईंचे नाव वगळले तर आम्ही कृतघ्न ठरू. नाकारलेल्या प्रत्येक पगाराचा भार त्यांच्या चुलीवर पडला. चार लेकरे गेली. राजरत्न १९२६ मध्ये गेला. म्हणून आम्ही कोणाही तरुणाला असे सांगणार नाही की, बाबासाहेबांनी नाकारले, तूही नाकार. ज्याच्या घरात तो पहिलाच पगारदार आहे, बहिणीचे शिक्षण आणि आईचे औषध ज्याच्यावर आहे, त्याने पगार जरूर पाहावा. उलट अधिक पाहावा. बाबासाहेबांचे अनुकरण करायचेच तर त्यांच्या हिशोबाचे करावे: ही नोकरी मला कशासाठी हवी, किती दिवसांसाठी हवी, ती माझे काय घेणार, आणि ती गेली तर माझ्यापाशी काय उरणार?

व्यक्तीचा हा हिशोब बाबासाहेबांनी पुढे समाजाच्या पातळीवर मांडला. १९२८ च्या मुंबईच्या गिरणी संपात त्यांनी विचारले की, जास्त मजुरीच्या विणकाम खात्यात अस्पृश्य कामगाराला मज्जाव का? तुटलेला धागा तोंडाने ओला करून जोडावा लागे, म्हणून विटाळ. सगळ्यांची मजुरी वाढवा म्हणणाऱ्या युनियनला त्यांनी ही मागणी यादीत घ्यायला लावली. मजूरमंत्री असताना १९४६ मध्ये किमान वेतनाचे विधेयक मांडले, जे १९४८ मध्ये कायदा झाले. कारखान्यातील कामाचे आठवड्याचे तास ५४ वरून ४८ वर आणणारी दुरुस्ती केली. संविधानाच्या अनुच्छेद ३९ मध्ये स्त्री-पुरुषांना समान कामासाठी समान वेतन आणि अनुच्छेद ४३ मध्ये निर्वाह वेतन आले. पगार मागणे ही हाव असती, तर या माणसाने त्यासाठी एवढे आयुष्य घालवले असते काय? भगवान बुद्धांच्या अष्टांगिक मार्गात सम्यक आजीविका आहे. आपल्या श्रमाचे योग्य मोल मागणे तिच्या विरुद्ध नाही.

आमची मुले का मागत नाहीत, हे आम्हाला ठाऊक आहे. पिढ्यान्‌पिढ्या मिळेल ते ओंजळीत घ्यायची सवय लावली गेली. खाजगी क्षेत्रात ओळखीपाळखी नाहीत, बाजारात त्या कामाला काय भाव आहे हे सांगणारा काका-मामा नाही. पण पहिला पगार कमी ठरला की तो सावलीसारखा मागे येतो. पुढच्या कंपनीचा पहिला प्रश्न, आधी किती मिळत होते? त्यामुळे पहिल्या सहीला न मागितलेली रक्कम वर्षानुवर्षे बुडत जाते. काही विनाअनुदानित संस्थांत तर पगार खात्यात जमा होतो आणि त्यातला भाग रोखीने परत द्यावा लागतो, हे आमच्याकडे आलेल्या शिक्षकांनी सांगितले आहे. ते मुकाट देतात, कारण दुसरे पत्र हातात नसते.

बॉण्डविषयी दोन शब्द. नोकरी सोडल्यावर दुसरीकडे काम करायचेच नाही, अशी अट करार कायद्याच्या कलम २७ खाली टिकत नाही. पण ठराविक मुदतीपूर्वी सोडल्यास पैसे भरण्याची अट टिकू शकते. २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका सरकारी बँकेची तीन वर्षे सेवा किंवा दोन लाख रुपये ही अट वैध ठरवली आहे. म्हणून बॉण्ड फुसका असतो, या भ्रमात कोणी राहू नये. सहीपूर्वी मुदत आणि रक्कम दोन्हींवर बोलावे, जे ठरेल ते लेखी घ्यावे, मूळ प्रमाणपत्रे देऊ नयेत.

त्या मुलाने आमच्यासमोर बसून पुण्याच्या कंपनीला पत्र लिहिले. दुसरा देकार असल्याचे सांगितले, पगारात वाढ आणि बॉण्ड एक वर्षाचा करण्याची विनंती केली, गुणपत्रिकांच्या साक्षांकित प्रती देऊ केल्या. चार दिवसांनी उत्तर आले. पगार वाढला नाही. बॉण्ड एक वर्षावर आला आणि मूळ गुणपत्रिका घरीच राहिल्या. त्याने सही केली. वडिलांनी आम्हाला पेढे दिले आणि जाताना एवढेच म्हणाले की, मागता येते हे आम्हाला कोणी सांगितलेच नव्हते.

बांधवांनो, आपल्या मुलांना हे सांगा. जय भीम!